बर्फाचे दिवस, उपवासाचे दिवस

ध्रुवीय अस्वलाचे सारे आयुष्य समुद्रावर गोठणाऱ्या बर्फाशी बांधलेले आहे. कॅनडा, अलास्का, रशिया, ग्रीनलंड आणि नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह, एवढ्याच भागांत हा प्राणी आढळतो. दक्षिणेकडच्या अंटार्क्टिकावर तो कधीच नव्हता. पूर्ण वाढलेला नर साडेतीनशे ते सहाशे किलोंचा असतो, मादी साधारण त्याच्या निम्म्या वजनाची. जगात मिळून २२ ते ३१ हजार अस्वले असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आकड्यांतली ही तफावत मोठी वाटते, पण हिवाळ्यात बराच काळ अंधारात असणाऱ्या, माणूस सहज पोहोचू न शकणाऱ्या लाखो चौरस किलोमीटर बर्फावर पांढरा प्राणी मोजायचा आहे, हे ध्यानात घेतले की तिचे आश्चर्य वाटत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ध्रुवीय अस्वलाची नोंद 'असुरक्षित' या वर्गात आहे.

तपकिरी अस्वल हा त्याचा सर्वांत जवळचा नातलग. दोघांच्या वाटा नेमक्या कधी वेगळ्या झाल्या याबद्दल आनुवंशिकीतज्ज्ञांमध्ये अजून एकमत नाही, मात्र ही फारकत काही लाख वर्षांपूर्वीची आहे, असे अलीकडचे बहुतेक अभ्यास सांगतात. या काळात अस्वलाच्या शरीरात झालेला सर्वांत मोठा बदल आहाराचा होता. ध्रुवीय अस्वल मुख्यतः चरबीवर जगते. सील मारल्यावर पोट भरलेले अस्वल पुष्कळदा फक्त कातडीखालचा चरबीचा थर खाते आणि मांस सोडून देते; ते आर्क्टिक कोल्ह्यांच्या वाट्याला येते. माणसाच्या रक्तवाहिन्या तुंबवून टाकील एवढी चरबी पचवूनही या प्राण्याचे हृदय धडधाकट राहते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात याचा माग लागला. रक्तातील मेदाची वाहतूक करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात ध्रुवीय अस्वलात मोठे बदल झालेले आढळले.

ही चरबी मिळवायला बर्फच लागतो. अस्वल उत्तम पोहते, पण उघड्या पाण्यात सील त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ. बर्फाखाली वावरणाऱ्या वलयांकित सीलला मात्र श्वास घ्यायला वर यावेच लागते. त्यासाठी तो बर्फात छिद्रे राखून ठेवतो. अस्वल वासावरून असे छिद्र हुडकते आणि त्याच्याशेजारी निश्चल बसून राहते, कधी तासन्‌तास. वसंतात काम आणखी सोपे होते. सीलच्या माद्या बर्फावरच्या हिमाच्या ढिगाऱ्यात पोकळी करून पिलांना जन्म देतात. ही पिले काही आठवड्यांतच चरबीने गुबगुबीत होतात आणि माणसा-अस्वलाची भीती त्यांना अजून शिकायची असते. अस्वलाच्या वर्षभराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा एप्रिलपासून बर्फ फुटेपर्यंतच्या या थोड्या आठवड्यांत जमा होतो. उरलेले वर्ष ही साठवण पुरवून खायची असते. म्हणूनच बर्फ उन्हाळ्याच्या तोंडावर दोन-तीन आठवडे आधी फुटला, तर कापले जातात ते वर्षातले सर्वांत सुबत्तेचे दिवस.

मादीच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठोर आहे. मीलन वसंतात होते, पण फलित बीज गर्भाशयात लगेच रुजत नाही. ते शरदापर्यंत तसेच थांबून राहते. तोपर्यंत मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तर गर्भ वाढतो, नसेल तर तो रुजतच नाही. शरदात मादी हिमात गुहा खणते. नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान तिथे बहुधा दोन पिले जन्माला येतात. प्रत्येकाचे वजन जेमतेम सहाशे ग्रॅम असते. आईच्या दुधात तिशी ओलांडणारी टक्केवारी चरबीची असते. त्या दुधावर पिले वाढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये दहा-बारा किलोंची होऊन आईमागे बाहेर पडतात. तोवर आईच्या तोंडात अन्नाचा कणही गेलेला नसतो. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर तर गरोदर मादीचा हा उपवास उन्हाळ्यात बर्फ वितळल्यापासून सुरू होतो आणि सुमारे आठ महिने चालतो. पिले अडीच वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहतात, त्यामुळे मादी साधारण तीन वर्षांतून एकदाच विते. एवढ्या मंद गतीने वाढणाऱ्या प्राण्याची संख्या एकदा खाली गेली की सावरायला दशके लागतात.

ही सारी माहिती मिळवण्याची पद्धत कष्टाची आहे. संशोधक हेलिकॉप्टरमधून अस्वलाला गुंगीचे औषध भरलेली सुई मारतात. ते आडवे झाले की वजन, लांबी, चरबीची जाडी मोजली जाते, रक्त आणि केस घेतले जातात, कानात खुणेची चकती लावली जाते आणि ओठाच्या आतल्या बाजूला क्रमांक गोंदला जातो. एक लहानसा, अस्वलाला फारसा उपयोगी नसलेला दात काढून घेतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्या दाताच्या मुळावरचे थर मोजून वय कळते. उपग्रहाला संदेश पाठवणारा पट्टा गळ्यात घालतात, पण तो प्रौढांपैकी फक्त माद्यांना. नराची मान डोक्यापेक्षा रुंद असल्याने त्याच्या गळ्यात पट्टा टिकत नाही. नरांच्या भटकंतीची माहिती त्यामुळे कायम तुटपुंजी राहिली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पकडलेल्या अस्वलांत आधी खूण केलेली किती निघतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. अलीकडे विमानातून गणना, लांबून सुई मारून कातडीचा इवलासा नमुना घेणे, पावलांच्या ठशांतल्या हिमातून डीएनए वेगळा काढणे असे मार्गही वापरात आले आहेत. अस्वलाला हात न लावता काम व्हावे, असा आग्रह स्थानिक इनुइट समाजाने सातत्याने धरला आणि तो रास्तच होता.

या संशोधनातला सर्वांत मोलाचा अध्याय हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, मॅनिटोबा प्रांतातील चर्चिल गावाभोवती लिहिला गेला. इथला बर्फ दर उन्हाळ्यात पूर्णपणे वितळतो. सगळी अस्वले किनाऱ्यावर येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र पुन्हा गोठण्याची वाट पाहतात. म्हणजे वर्षातून काही महिने ती एका जागी सापडतात. कॅनडाच्या वन्यजीव विभागातील इयान स्टर्लिंग, पुढे त्यांचे सहकारी निक लन आणि अल्बर्टा विद्यापीठातील अँड्र्यू डेरोशर यांनी याच अस्वलांचा दशकानुदशके पाठपुरावा केला. सुरुवातीला हे काम हवामानबदलासाठी नव्हते. अस्वले किती आहेत, माद्या किती वर्षांनी वितात, शिकार किती झाली तर चालेल, एवढेच प्रश्न होते. पण वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच पद्धतीने वजने घेतल्यामुळे एक कल समोर आला. १९९९ मध्ये स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी तो मांडला: ज्या वर्षी बर्फ लवकर फुटतो त्या वर्षी अस्वले हडकुळी होऊन किनाऱ्याला लागतात, आणि पिलांची संख्याही घटते. पूर्वी इथली बरीच पिले इतरांपेक्षा वर्षभर आधी, म्हणजे दीड वर्षाची असतानाच स्वतंत्र होत, इतके अन्न मुबलक होते. ते प्रमाण झपाट्याने कमी झाले.

त्यानंतरचे आकडे एकापाठोपाठ एक आले. १९८७ मध्ये या गटात सुमारे १,१९४ अस्वले होती. २००४ मध्ये ९३५ उरली. २०१६ च्या हवाई गणनेत ८४२ आणि २०२१ च्या गणनेत ६१८. प्रत्येक आकड्याला अनिश्चिततेची किनार आहे, आणि पद्धती बदलल्याने त्यांची थेट तुलना करताना सांभाळावे लागते. शिवाय २०२१ मध्ये शेजारच्या दक्षिण हडसन गटाची संख्या वाढलेली दिसली, म्हणजे काही अस्वले तिकडे सरकली असण्याची शक्यता संशोधकांनी मोकळेपणाने नोंदवली. तरीही साडेतीन दशकांचा कल एकाच दिशेचा आहे. २०२५ च्या आरंभी 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने त्याच्या मुळाशी असलेले कारण ऊर्जेच्या हिशेबातून दाखवले: बर्फावरचे दिवस घटले, शिकार घटली, माद्यांचे सरासरी वजन ३७ वर्षांत सुमारे ३९ किलोंनी उतरले, दूध कमी पडले आणि पिले जगेनाशी झाली. रोगराई नाही, शिकारी नाहीत. पुरेसे खायला मिळाले नाही, एवढेच कारण ही घट समजावून सांगायला पुरते.

अस्वल उपाशी असताना नेमके काय होते, हे समजायला संशोधक अँथनी पगानो यांच्या पथकाने गळ्यातल्या पट्ट्यावर कॅमेरा बसवला. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात वसंतात नऊ माद्यांवर केलेला हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत समजले जाई की छिद्राशेजारी बसून राहणारा हा शिकारी ऊर्जा जपून वापरतो. प्रत्यक्षात त्याचा खर्च आधीच्या अंदाजाच्या १.६ पट निघाला. दिवसाला सुमारे १२,३२५ किलोकॅलरी, म्हणजे दर दहा-बारा दिवसांना एक प्रौढ सील तरी हवाच. नऊपैकी चार माद्यांचे वजन आठ ते अकरा दिवसांत दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटले. हे वर्षातल्या सर्वांत चांगल्या शिकारीच्या ऋतूत घडले.

मग जमिनीवर दुसरे काही खाऊन भागणार नाही का? हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो विचारण्यासारखाच आहे. पगानो आणि सहकाऱ्यांनी पश्चिम हडसन किनाऱ्यावर उन्हाळ्यात वीस अस्वलांवर पुन्हा कॅमेरे लावले. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. काही अस्वले पडून राहिली, काहींनी बोरे, पक्षी, मेलेली जनावरे, गवत असे हाती येईल ते खाल्ले, काही लांबवर पोहत गेली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटले, सरासरी दिवसाला एक किलो. खाणे शोधण्यात जेवढे मिळाले तेवढेच खर्ची पडले. जमिनीवरचे अन्न सीलच्या चरबीची जागा घेऊ शकत नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा पुरावा मिळणे कठीण.

टोरांटो विद्यापीठातील पीटर मोलनार यांनी हाच हिशेब गणितात मांडला. त्यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार उन्हाळी उपवास १२० दिवसांचा असेल तर पश्चिम हडसनमधील प्रौढ नरांपैकी ३ ते ६ टक्के भुकेने मरतात; तोच १८० दिवसांवर गेला तर २८ ते ४८ टक्के. उपवासाचे दिवस दीडपट होतात, मृत्यू कैक पटींनी वाढतात. घसरण हळूहळू होत नाही, एका टप्प्यानंतर ती एकदम कोसळण्यासारखी होते. आणि त्या टप्प्यावर सर्वांत आधी पोहोचतात ती दूध पिणारी पिले.

सगळीकडे चित्र असेच आहे का? नाही, आणि हे सांगितल्याशिवाय विषय प्रामाणिकपणे मांडला असे होणार नाही. तज्ज्ञांनी अस्वलांची एकोणीस उपगटांत विभागणी केली होती. त्यांची स्थिती वेगवेगळी आहे. दक्षिण ब्यूफोर्ट गट २००४ ते २०१० या काळात साधारण १,५०० वरून ९०० पर्यंत घसरला. याच समुद्रात २००८ मध्ये पट्टा बांधलेली एक मादी बर्फ शोधत सलग नऊ दिवस ६८७ किलोमीटर पोहत गेल्याची नोंद आहे. दोन महिन्यांनी ती पुन्हा सापडली तेव्हा तिचे वजन २२ टक्के घटलेले होते आणि तिचे वर्षाचे पिल्लू हरवले होते. पण शेजारच्याच चुकची समुद्रात अस्वले धष्टपुष्ट आहेत, कारण तिथला उथळ समुद्र सीलसाठी समृद्ध आहे. कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या केन या सागरी खोऱ्यात पूर्वी अनेक वर्षांचा जाडजूड बर्फ होता. तो पातळ झाल्यावर तिथे सील वाढले आणि अस्वलांची प्रकृती सुधारली. हे निरीक्षण करणाऱ्या क्रिस्टिन लेडर यांच्या पथकानेच हा लाभ तात्पुरता असल्याचे बजावले आहे. पातळ बर्फही एक दिवस सरेल. स्वालबार्डभोवतीच्या बॅरंट्स समुद्रात बर्फ फार वेगाने घटला, तरी तिथल्या अस्वलांच्या संख्येत मोठी पडझड दिसलेली नाही. १९७३ पर्यंतच्या बेसुमार शिकारीतून तो गट अजून सावरत होता, हे त्याचे एक कारण. तिथली अस्वले आता पक्ष्यांची अंडी फस्त करतात, क्वचित रेनडिअरचीही शिकार करतात.

सर्वांत अनपेक्षित शोध आग्नेय ग्रीनलंडमध्ये लागला. २०२२ मध्ये लेडर आणि सहकाऱ्यांनी तिथे काहीशे अस्वलांचा एक वेगळा गट असल्याचे दाखवले. आनुवंशिक दृष्ट्या तो जगातील इतर सर्व ध्रुवीय अस्वलांपासून सर्वांत जास्त तुटलेला आहे. तिथे समुद्र वर्षातून सुमारे शंभर दिवसच गोठलेला असतो, जे एरवी जगण्यास पुरेसे नाही. ही अस्वले हिमनद्यांच्या मुखाशी तुटून साचलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावरून सील पकडतात. काही अस्वलांना पुढच्या काळात आसरा कुठे मिळेल याचा हा एक धागा आहे. मात्र अशा हिमनद्या आर्क्टिकमध्ये थोड्याच ठिकाणी आहेत.

या वेगवेगळेपणामुळे एखाद्या दृश्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. २०१७ मध्ये कॅनडातील एका मरणासन्न, हाडांचा सापळा झालेल्या अस्वलाची चित्रफीत जगभर फिरली आणि तिच्यावर हवामानबदलाचे शीर्षक चिकटले. ते अस्वल कशाने खंगले हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते आजारी, जखमी किंवा म्हातारे असू शकत होते. पुढच्या वर्षी 'नॅशनल जिऑग्राफिक'ने आपण मर्यादा ओलांडल्याची कबुली दिली. एका अस्वलाचा फोटो पुरावा ठरत नाही. हजारो अस्वलांची चाळीस वर्षांची वजने ठरतात. अशा चित्रफितींनी खऱ्या पुराव्याचेच नुकसान होते.

संवर्धनाचा इतिहास मात्र आशादायक सुरुवातीचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अस्वलाचा शत्रू बंदूक हाच होता. अलास्कात हौशी शिकारी विमानांच्या मदतीने अस्वले टिपत, स्वालबार्डमध्ये आमिषाला तोंड लावताच आपोआप सुटणारी बंदूक पेटीत बसवली जाई. सोव्हिएत रशियाने १९५६ मध्ये शिकारीवर बंदी घातली. १९६५ मध्ये अलास्कातील फेअरबँक्स येथे ही अस्वले असणाऱ्या पाचही देशांचे शास्त्रज्ञ प्रथम एकत्र बसले आणि १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लोमध्ये ध्रुवीय अस्वलांच्या संरक्षणाचा करार झाला. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एका प्राण्यासाठी एका कागदावर आले, ही साधी गोष्ट नव्हती. विमाने आणि मोठ्या यांत्रिक बोटींतून शिकारीला मनाई झाली, गुहांच्या आणि शिकारीच्या जागा राखण्याचे बंधन आले, संशोधनाची देवाणघेवाण ठरली. अनेक गट त्यानंतर सावरले.

स्थानिक लोकांचा पारंपरिक हक्क करारात कायम राहिला. इनुइटांसाठी हे अस्वल अन्न आहे, कातडे आहे, उत्पन्न आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाचा भाग आहे. कॅनडात, जिथे जगातील सुमारे दोन तृतीयांश अस्वले आहेत, वार्षिक मर्यादा ठरवून शिकार होते आणि मर्यादा ठरवताना इनुइट संस्था बरोबरीने बसतात. हडसन उपसागराकाठच्या अनेक वस्त्यांतले लोक म्हणतात की अस्वले पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. गणना सांगते की ती घटली. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते: बर्फावर कमी दिवस काढणारी अस्वले किनाऱ्यावर, वस्तीजवळ जास्त दिवस काढतात. हे कोडे शास्त्रज्ञांनी इनुइटांचे ऐकून घेतले तरच नीट सुटते, आणि जिथे तसे झाले तिथे नियोजनही अधिक टिकाऊ झाले आहे.

वस्तीजवळ भुकेले अस्वल म्हणजे जिवाला धोका. १८७० ते २०१४ या काळात जंगली ध्रुवीय अस्वलांच्या ७३ हल्ल्यांत २० माणसे दगावल्याची नोंद संशोधकांनी संकलित केली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या नोवाया झेम्ल्या बेटांवरील वस्तीत डझनावारी अस्वले शिरल्याने आणीबाणी जाहीर करावी लागली. चर्चिलमध्ये यावर जुना तोडगा आहे: गावात येणारे अस्वल पकडून एका मोठ्या शेडमध्ये कोंडतात, खायला न देता फक्त पाणी देतात, म्हणजे त्याला गावाची चटक लागत नाही, आणि नंतर हेलिकॉप्टरने दूर सोडतात. गावाचा उघडा उकिरडा २००५ मध्ये बंद केला, त्याचाही मोठा उपयोग झाला. स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पडणाऱ्याने अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ बाळगणे बंधनकारक आहे. तिथल्या नी-अलेसुंड येथील 'हिमाद्री' या भारतीय केंद्रावर २००८ पासून काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हा नियम पाळावा लागतो. हे केंद्र गोव्यात वास्को येथे असलेली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था चालवते.

इतर धोके आहेत: दूरवरच्या कारखान्यांतून वाऱ्या-प्रवाहांबरोबर आलेली पीसीबीसारखी रसायने चरबीत साठतात, तेलाच्या शोधाने गुहांची शांतता मोडते, जहाजवाहतूक वाढते आहे. पण बर्फाच्या प्रश्नापुढे हे सारे दुय्यम आहेत, आणि १९७३ च्या करारातल्या उपायांनी बर्फ राखता येत नाही. अमेरिकेचे शास्त्रज्ञ स्टीव्हन ॲमस्ट्रप यांनी २००७ मध्ये इशारा दिला होता की उत्सर्जन असेच चालले तर एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन तृतीयांश अस्वले नाहीशी होतील. त्याच ॲमस्ट्रप यांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले की उन्हाळी बर्फाचे घटणे परत न फिरणाऱ्या टोकाला पोहोचलेले नाही. तापमान जिथे थांबेल तिथे बर्फही थांबेल. हडसन उपसागरासाठी ती मर्यादा २०२४ च्या एका अभ्यासाने आकड्यांत दिली आहे. जगाचे तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत १.६ ते २.६ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तर तिथला बर्फाविना काळ अस्वलांच्या सहनशक्तीबाहेर जाईल. पॅरिस कराराने ठरवलेली 'दोन अंशांच्या बरीच खाली' ही मर्यादा पाळली गेली, तर चर्चिलची अस्वले टिकण्याची शक्यता शिल्लक राहते. आजच्या धोरणांनी जग ज्या तापमानाकडे चालले आहे, त्यात ती राहत नाही.